गाडी बघितल्याशिवाय भाव सांगू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. मी गेली अकरा वर्षं गाड्यांचं डिटेलिंग करतो. म्हणजे नुसती गाडी धुणं नाही, पेंटवरचे चरे पॉलिश करून काढणं, आतून सीट-कार्पेट साफ करणं, पेंटवर संरक्षणाचा पारदर्शक थर म्हणजे कोटिंग करणं हे सगळं. या कामात नवीन आलेली मुलं मला विचारायला येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की किती घ्यायचे? कुठलं मशीन घ्यायचं, कुठलं पॉलिश चांगलं हे ते व्हिडिओ बघून शिकलेले असतात, पण भाव काढायचा कसा हे कोणी शिकवत नाही, मग बाजूचा जेवढे घेतो त्याच्यापेक्षा थोडे कमी घ्यायचे असा सरळ हिशोब करून मोकळे होतात. मला यावर जरा सविस्तर लिहायचंय कारण यात नुकसान एकट्या त्या मुलांचं होत नाही, ज्याची गाडी आहे त्याचं पण होतं आणि त्याला ते बरेचदा कळतसुद्धा नाही.

कसं ते सांगतो. गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, त्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड धरला तर त्याच्याहून पातळ. चकाकी या थराची, उन्हापासून खालच्या रंगाला सांभाळणारा पण हाच. आणि पॉलिश करणं म्हणजे चरा बुजवणं नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासत घासत चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, की चरा दिसेनासा होतो. एकदा कडक कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, मारलं की दोनतीन मायक्रॉन गेले समजा, आणि गेले ते गेले, ते काही परत वाढत नाहीत. म्हणजे गाडीच्या अख्ख्या आयुष्यात असं जोरदार पॉलिश मोजून थोड्याच वेळा करता येतं.

आता ज्याने कमी पैशात काम घेतलंय तो वेळ कुठे वाचवणार? साबणाची एक आणि मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, खळबळायची एक अशा दोन बादल्यांऐवजी एका बादलीत काम उरकणार, म्हणजे चाकाजवळची माती ज्याच्यात आली तोच मिट परत बॉनेटवर फिरणार. फोम मारून माती सुटायची वाट बघणार नाही, क्ले बार, म्हणजे पेंटमध्ये रुतलेला कचरा ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवणार नाही, पॉलिशच्या मशीनचं पॅड न बदलता एकाच पॅडने पूर्ण गाडी ओढणार. पॅडमध्ये अडकलेला कचरा आणि जुनं पॉलिश पेंटवर गोल गोल चरे पाडत जातं. गाडी सावलीत छान चमकते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि उन्हात उभी केल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसायला लागतात, मग ते काढायला परत पॉलिश, परत दोन मायक्रॉन. कमी घेतलेले पैसे असे गिऱ्हाइकाच्या क्लिअर कोटमधून वसूल होतात. म्हणून मी म्हणतो की भाव नीट लावणं हा या कामातला पहिला प्रामाणिकपणा आहे, मशीन हातात घ्यायच्या आधीचा.

माझ्याकडून पण चुका झाल्यात आणि त्यातली एक सांगतोच. सुरुवातीच्या काळात एका बाईंचा फोन आला, सात सीटची गाडी आहे, आतून साफ करायचीये, किती होतील? मी फोनवरच आकडा सांगून टाकला, मोठी गाडी म्हणून नेहमीपेक्षा थोडा वाढवून, तीनचार तासांचं काम धरून. गाडी आली, मागचं दार उघडलं तर कार्पेट दिसतच नव्हतं. त्यांच्याकडे दोन मोठे कुत्रे होते आणि ते वर्षानुवर्षं त्याच जागेत बसत होते. कुत्र्याचा आखूड कडक केस कार्पेटच्या विणीत सुईसारखा घुसतो, व्हॅक्यूम कितीही जोरात लावा तो हलत नाही. मी रबराचा हातमोजा ओला करून एका दिशेने ओढत बसलो, ओढला की केसांची वळी व्हायची, ती उचलायची, परत वीतभर पुढे. सीटच्या रेल्सच्या खाली, सीटबेल्टच्या खाचेत, शेवटच्या रांगेच्या मागे, सगळीकडे तेच. अकरा तास गेले, दुसऱ्या दिवशीचं काम पुढे ढकलावं लागलं आणि पैसे ठरलेलेच घेतले कारण शब्द दिला होता. त्या बाईंची यात काहीच चूक नव्हती, त्यांनी विचारलं आणि मी न बघता उत्तर दिलं. त्या दिवसापासून फोनवर पक्का आकडा सांगणं बंद केलं. फोनवर मी एवढंच सांगतो की चांगल्या अवस्थेतल्या गाडीला इथपासून सुरुवात होते, बाकी गाडी बघून, फार तर फोटो पाठवा, पण फोटोत वास येत नाही आणि केस दिसत नाहीत हे पण सांगतो.

बघायचं म्हणजे काय ते महत्त्वाचं आहे. दोन मिनिटं गाडीभोवती चक्कर मारून होत नाही. मी आधी एक टॉर्च तिरपा धरून प्रत्येक पॅनेल बघतो, तेव्हाच चऱ्यांचं खरं चित्र दिसतं. मग नख फिरवून बघतो, ज्या चऱ्यात नख अडकतं तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही हे तिथेच गिऱ्हाइकाला सांगतो, काम झाल्यावर सांगितलं तर ती पळवाट वाटते. मग एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या पत्र्यावर बोटं फिरवायची, नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागतं. ती खरखर म्हणजे बरेचदा ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी असते, पेंटमध्ये रुतून बसलेली. त्यावर आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ सुटतात, चाकावर तर असे की गिऱ्हाईक घाबरून विचारतं हे काय झालं? काही झालेलं नसतं, रसायन लोखंडाशी लागून रंग बदलतं. पण जेवढे ओघळ जास्त तेवढं क्लेचं काम जास्त आणि तेवढा वेळ जास्त, आणि हे सगळं भावात यायला पाहिजे.

आणि पेंटची जाडी मोजायचं यंत्र. हे महाग वाटतं म्हणून नवीन मुलं घेत नाहीत, मी पण घेतलं नव्हतं. एक काळी गाडी होती, बॉनेटच्या कडेला चरे होते, मी जोर लावून कंपाउंड केलं आणि कडेवर बोटभर लांबीचा रंग एकदम फिका पडला, पॅडवर काळा रंग आला. तो काळा रंग दिसला तेव्हाच पोटात गोळा आला, कारण पॅडवर गाडीचा रंग आला म्हणजे क्लिअर कोट संपला. कडेला थर मुळातच पातळ असतो आणि आधी कोणीतरी तिथे पॉलिश करून ठेवलेलं होतं. बॉनेट माझ्या खर्चाने परत रंगवून दिलं, त्या महिन्यात हातात काही उरलं नाही. आता मी आधी मोजतो. कंपनीचा सगळा थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येतो, एखाद्या दरवाज्यावर एकदम २५० आलं तर तो परत रंगवलेला आहे, आणि हजाराच्या वर गेलं तर खाली पोचा बुजवायला पुटी भरलेली असणार. साधं यंत्र एकट्या क्लिअर कोटची जाडी वेगळी सांगत नाही आणि प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. पण आकडा कुठे कमी दिसला तर तिथे मी मशीन लावायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवतो आणि म्हणतो इथले चरे राहू दे. काम कमी झालं म्हणून पैसे कमी, त्यात मला वाईट वाटत नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब. मी तासावर जातो. नीट धुणं आणि आतून व्हॅक्यूम यात दोन ते तीन तास, रसायन आणि क्ले धरून अजून एक-दीड, एका फेरीचं पॉलिश करायला पाच ते आठ तास, आणि कंपाउंड करून मग फिनिशिंग अशा दोन फेऱ्या असतील तर बारापासून वीसपर्यंत, गाडी केवढी आणि पेंट कडक की मऊ त्यावर. हे माझ्या हाताचे तास झाले, तुमचे वेगळे असतील, म्हणून स्वतःच्या दहा गाड्यांचे तास घड्याळ लावून लिहून ठेवा, अंदाजाने नको. अंदाजात आपण नेहमी कमी धरतो कारण चहा, फोन, पॅड धुणं, मशीन आवरणं हे सगळं आपण विसरतो.

आणि इथेच मोठी गोची आहे. मी एकदा तीन महिने वहीत लिहिलं, की दिवसाचे दहा तास मी कामावर असतो त्यातले प्रत्यक्ष गाडीवर हात किती वेळ असतो. सरासरी सहा तास निघाले. बाकीचे चार जाण्यायेण्यात, फोटोला उत्तरं देण्यात, टॉवेल धुण्यात, सामान आणण्यात आणि येतो म्हणून न आलेल्या माणसाची वाट बघण्यात. एका पॉलिशच्या गाडीला माझे पंधरा-वीस मायक्रोफायबर टॉवेल लागतात, ते इतर कपड्यांबरोबर धुता येत नाहीत, सॉफ्टनर घातला तर पाणी शोषणं बंद होतं, जमिनीवर पडलेला टॉवेल तर पेंटला परत लावायचाच नाही. हे सगळं कोणीतरी करायला लागतं आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नाही. मग दिवसभरात आपल्याला जेवढं मिळायला हवं ते दहाने नाही, सहाने भागायचं. नुसत्या या एका भागाकाराने तासाचा दर दीडपटीच्या वर जातो. ज्या मुलांना मी हे करायला लावलं त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं की आपण मजुरीसुद्धा सुटत नाही अशा भावात काम करतोय.

त्यावर सामान. शॅम्पू, पॉलिश हे सगळ्यांच्या डोक्यात असतं, पण पॅड झिजतात, पॉलिशरच्या मोटरचे कार्बन ब्रश आणि पॅड बसतं ती मागची प्लेट जाते, व्हॅक्यूमची मोटर जाते, वीज-पाणी, जागेचं भाडं, विमा. मशीन जेव्हा बंद पडेल तेव्हा नवीन घ्यायचे पैसे आजच्या गाडीतून बाजूला पडले पाहिजेत. आणि हे सगळं वजा करून वर थोडा नफा, तो मजुरीपेक्षा वेगळा. मजुरी म्हणजेच नफा असं धरलं की धंदा एका जागी अडकतो.

घासाघीस होतेच. होऊ दे. पण सूट द्यायच्या आधी एक गणित करून बघा. समजा काम १०० चं आहे, मजुरी धरून सगळा खर्च ७०, नफा ३०. गिऱ्हाईक म्हणालं दहा टक्के कमी करा, आपण म्हणालो ठीक आहे. खर्च ७० चा ७० च राहिला, नफा ३० चा २० झाला. दहा टक्के सूट दिली असं तोंडाने म्हणतो पण नफ्यातला एक तृतीयांश गेला, आणि पूर्ण भावात दोन गाड्या करून जे सुटत होतं त्यासाठी आता तीन गाड्या कराव्या लागतात. म्हणून मी भाव कमी करत नाही, काम कमी करतो. एवढंच बजेट आहे का, मग आपण दोन फेऱ्यांऐवजी एक फेरी करू, सगळे चरे जाणार नाहीत पण गाडी चांगली उजळेल, किंवा आतलं आत्ता करू आणि बाहेरचं नंतर. गिऱ्हाइकाला पण यात फसल्यासारखं वाटत नाही कारण काय मिळणार नाही ते त्याला आधी माहीत असतं.

गाडी महाग म्हणून भाव जास्त लावायचा का, हे पण खूप जण विचारतात. नुसता लोगो बघून नाही. छोट्या जुन्या गाडीच्या सीटवर दूध सांडून चार महिने झाले असतील तर ती नव्या मोठ्या गाडीपेक्षा जास्त वेळ खाते. पण जोखीम वाढली तर भाव वाढतो हे मात्र खरं. मॅट फिनिशची गाडी घ्या, तिच्यावर पॉलिश चालत नाही, चुकून फिरवलं तर तेवढा भाग चमकायला लागतो आणि मग परत रंगवण्याशिवाय इलाज नाही. आतले चकाकते काळे प्लास्टिकचे भाग साध्या कोरड्या फडक्याने पण चरतात. उलटी, बुरशी असलेली गाडी असेल तर मास्क, हातमोजे, वेगळे टॉवेल जे नंतर टाकून द्यायचे, याचे वेगळे पैसे सांगायला लाजू नका, ते शरीरावर घेतलेलं काम आहे.

सिरॅमिक कोटिंगबद्दल तर मला फार कळकळीने लिहावंसं वाटतं. बाटली असते ३०-५० मिलीलीटरची, आणि लोकांना वाटतं पैसे त्या बाटलीचे. खरे पैसे असतात त्याच्या आधीच्या तयारीचे, कारण कोटिंगच्या खाली जे चरे राहतील ते चऱ्यांसकट बंद होतात, शिवाय पॉलिशचं तेल पूर्ण पुसून काढल्याशिवाय कोटिंग धरत नाही. जो माणूस फार स्वस्तात कोटिंग देतो त्याने ही तयारी कितपत केली हे विचारा. आणि ते ९एच म्हणून जे सांगतात ते पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतलं माप आहे, त्याचा अर्थ दगडाने चरा पडणार नाही असा होत नाही. दगडाचा मार झेलायचा असेल तर पीपीएफ, म्हणजे ती जाड पारदर्शक फिल्म, ती साधारण १५० ते २०० मायक्रॉनची असते आणि तिचं काम, तिचा भाव सगळं वेगळं. कोटिंगने गाडी धुवायला सोपी जाते, पाणी सरकतं, घाण कमी चिकटते, एवढं सांगून जो भाव घ्यायचा तो घ्या. खोटं सांगून घेतलेला भाव पहिला खडा लागेपर्यंतच टिकतो.

कधी कधी योग्य भाव म्हणजे कमी काम सुचवणं पण असतं. एक गृहस्थ आले, गाडी विकायची होती, कोणीतरी त्यांना दोन फेऱ्यांचं पॉलिश आणि कोटिंग सांगितलं होतं. मी म्हटलं काका, एवढं करू नका, तेवढे पैसे विकताना सुटायचे नाहीत. आतून नीट साफ करू, हेडलाइट पिवळ्या झाल्यात त्या घासून त्यावर यूव्ही संरक्षणाचा थर देऊ, नुसत्या घासल्या तर काही महिन्यांत परत पिवळ्या होतात आणि घेणाऱ्याला फसवल्यासारखं होईल, आणि बाहेरून एक हलकी फेरी. मला कमी मिळाले पण माझे तासही कमी गेले, तासाचा दर तोच पडला. हिशोब तासावर असला की असा सल्ला देताना पोट दुखत नाही.

ओळखीच्या लोकांचं सगळ्यात अवघड. मित्र, भाऊ, मेव्हणा, शेजारी. एका मेहनती पोराने पहिलं वर्ष अर्ध्याहून जास्त गाड्या ओळखीत केल्या, फक्त सामानाचे पैसे घेऊन, आणि वर्षाच्या शेवटी त्याच्याकडे चांगले हात होते पण नवीन मशीनला पैसे नव्हते. त्याला मी एवढंच सांगितलं की ज्याला फुकट द्यायचं त्याला पूर्ण फुकट दे, मनापासून दे, पण बिल पूर्ण भावाचं लिही आणि खाली सूट म्हणून दाखव. त्या माणसाला कळतं की आपल्याला काय मिळालंय, आणि तो दुसऱ्याला सांगताना पूर्ण भाव सांगतो. अर्धा भाव सांगितलास तर त्याने पाठवलेली पुढची चार माणसं तोच अर्धा भाव मागत येतात.

आता मी प्रत्येक गाडीला एक कागद करतो, साधा, हाताने लिहिलेला. गाडी बघताना काय दिसलं, काय करणार, काय जाणार नाही, किती तास धरलेत, किती पैसे, आणि आत काही वेगळं सापडलं तर थांबून फोन करणार, विचारल्याशिवाय पुढचं काम नाही. थोडा अ‍ॅडव्हान्स घेतो, त्यामुळे न येणारे कमी झालेत. गिऱ्हाइकांना पण माझी विनंती आहे की असा कागद मागा, आणि भाव ऐकून जास्त वाटला तर किती तासांचं काम आहे ते विचारा, किती बादल्या, किती पॅड ते विचारा, जो खरं काम करतो त्याला हे प्रश्न आवडतात.

त्या दोन कुत्र्यांच्या बाई नंतर परत आल्या होत्या, दीडेक वर्षाने. या वेळी मी मागचं दार उघडून नीट बघितलं, सीट पुढे सरकवून रेल्स बघितल्या आणि नऊ तासांचा भाव कागदावर लिहून दिला, पहिल्या वेळच्या जवळजवळ तिप्पट. मला वाटलं त्या जातील. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, मागच्या वेळी तुम्हाला किती तास लागले होते? मी खरं ते सांगितलं. त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या तेव्हाच सांगायचं होतंत हो, आणि किल्ली दिली. काम साडेआठ तासांत झालं, अर्ध्या तासाचे पैसे मी परत केले.

कळावे,
आपला एक नियमित वाचक